पलीकडची मोजणी

१

काकूंनी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत रक्ताच्या पेशी मोजल्या होत्या. आकडा म्हणजे आकडा, त्यात 'साधारण' बसत नाही, असं त्या हाताखालच्या नव्या मुलींना बजावायच्या. 'अंदाजे' म्हणणाऱ्या मुलीला त्यांनी एकदा पुन्हा पहिल्यापासून स्लाइड मोजायला बसवलं होतं. आणि अशी ही काटेकोर बाई गेली दोन वर्षं पक्ष्यांच्या मोजणीच्या कागदावर धडधडीत खोटं लिहीत होती. नवऱ्यासाठी.

नवरा म्हणजे मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे, पण खरा जीव पाणथळीवर. दर हिवाळ्यात मोजणीच्या दिवशी दोन नंबरचं लपण त्यांचं. लपण म्हणजे पाण्याकाठी खांबांवर उभं केलेलं लाकडी खोपटं. आत एक बाक, समोर आडवी फट आणि फटीखाली एक फळी. बाविसाव्या वर्षीही ती जागा त्यांचीच होती. त्यांच्या डोळ्यांना मात्र ते मान्य नव्हतं. उजव्या डोळ्यात मधोमध डाग आला होता, डाव्यालाही कडेनं धूर दिसायचा. मास्तरांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा. बायकोला ते न सांगताच कळलं होतं. बशीतलं बिस्किट चाचपडणारा हात बघून कुठल्या बायकोला कळत नाही?

तिथली मोजायची रीत ठरलेली. दोघांची जोडी. एक बघणार, एक लिहिणार. मोठा थवा असला की बघणारा तोंडानं मोजत बसत नाही. दर दहा पक्ष्यांना फळीवर बोटाच्या पेरानं एक ठोका देतो. लिहिणारा ठोक्याला एक रेघ ओढतो. आणि लिहिणाऱ्यानं मान वर करायची नाही, हा पहिला नियम. दोघं बघायला लागले की दोन आकडे होतात आणि मग घरातली भांडणं लपणात येतात, असं मास्तरच नव्या लोकांना हसत सांगायचे.

काकू मान वर करायच्या. मास्तरांचा डोळा तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीला लागला की गळ्यातली छोटी दुर्बीण हळूच उचलायच्या, चौकोन पाडून पेशी मोजाव्यात तशा झरझर मोजायच्या आणि दोन-चार रेघा जास्त ओढायच्या. पाप म्हणा, माया म्हणा. त्यांना दोन्ही मान्य होतं.

२

त्या दिवशी सकाळी निघतानाच मास्तरांनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडताना बोट कापून घेतलं. उजव्या हाताचं मधलं बोट, नेमकं पेरावर. काकूंनी जाडसर कापूस ठेवून पट्टी बांधली. मास्तर म्हणाले, "झालं, माझा हातोडाच गेला." काकू म्हणाल्या, धडपडायची हौस असली की हातोडे असेच जातात.

फाटकापाशी संयोजकबाईंनी सगळ्या जोड्यांना कागद वाटले. बाई तशा गोड, पण गोड माणसंच जास्त घाबरवतात. यंदा मनोऱ्यावरून एक फोटोग्राफर प्रत्येक फेरीच्या वेळी फोटो घेणार होता. कागद आणि फोटो ताडून बघणार होते. ज्यांचे आकडे फार चुकतील, त्यांची जागा पुढच्या वर्षी नव्या लोकांना. बाई हे सगळ्यांना उद्देशून बोलत होत्या आणि बघत होत्या मास्तरांच्या चष्म्याकडे. शेवटी त्यांनी दोन सूचना दिल्या. चार नंबरच्या लपणाच्या पायऱ्या पावसाळ्यात कोसळल्या आहेत, तिकडे यंदा कुणी नाही. आणि कागदाच्या तळाचा 'मोजणीला हजर' हा माणसांच्या आकड्याचा रकाना सगळ्यात शेवटी, उठताना भरायचा. मागच्या वर्षी एक जण मधेच घरी गेला आणि कागदावर मात्र दुपारपर्यंत हजर होता.

लपणाकडे चालताना मास्तर एकदम म्हणाले, "ही जागा गेली ना, तर मी घरात बसून काय करू ते मला सांग."  काकूंनी थर्मास या हातातून त्या हातात घेतला.

३

साडेसातला पहिली फेरी. पाण्यावर धुकं होतं, पण विरळ. मधल्या उथळात थापट्या बदकं पसरली होती, चोची पाण्यात खुपसून गोल गोल फिरत. मास्तरांनी डोळा दुर्बिणीला लावला आणि फळीवर ठोके द्यायला सुरुवात केली. पट्टीमुळे आवाज मऊ येत होता. थप. थप. थप. काकू रेघा ओढत होत्या. तेविसाव्या ठोक्याला मास्तर थांबले.

दोनशे तीस? लपणात शिरताना नुसत्या डोळ्यांनीच तिथं तीनशेच्या वर दिसत होती. काकूंनी गळ्यातल्या दुर्बिणीकडे हात नेला, तोच पाण्यापलीकडून आवाज आला.

टक. टक. टक.

कोरडा, लाकडावर उघड्या पेराचा. काकूंचा हात सवयीनं हलला आणि कागदाच्या कडेला त्यांनी रेघा ओढल्या. एकतीस ठोके पडले आणि आवाज थांबला.

मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले की प्रतिध्वनी आहे, थंडीत पाण्यावरून आवाज लांब जातो आणि परत येतो. भूगोलाचा माणूस, त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला धडा होता. काकूंनी मान डोलावली. पण प्रतिध्वनी पदरचे आठ ठोके घालत नाही, आणि गेलेली थप परत येताना टक होत नाही, हे कळायला भूगोल लागत नाही.

त्यांनी छोट्या दुर्बिणीनं घाईघाईनं मोजलं. तीनशे सात, तीनशे नऊ, एवढ्यात बदकं सरकली. त्यांनी कागदावर तीनशे दहा लिहिलं. ठोके कुठून आले होते तेही त्यांनी पाहिलं. समोरच्या काठाला, पाणकणसाच्या दाटीत, चार नंबरचं लपण उभं होतं. त्याची फट नुसती काळी होती.

४

साडेआठला संयोजकबाईंचा फोन आला. पहिल्या फेरीचे आकडे त्यांनी फोनवरूनच मागवले होते. बाईंचा आवाजच बदललेला. फोटोत थापट्या मोजून तीनशे दहा निघाली होती. बाकीच्या जोड्या तीस-चाळीसनं चुकल्या आणि मास्तरांचा आकडा पक्ष्याला पक्षी जुळला. मास्तरांची नजर अजून घारीची आहे, असं बाई म्हणाल्या.

काकूंनी फोन मास्तरांच्या कानाला लावला. मास्तरांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की काकूंना दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. फोन ठेवायच्या आधी काकूंनी बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, चारमध्ये कुणी बसवलंय का. बाई म्हणाल्या, छे, तिथं चढणार कसं?

नऊला दुसरी फेरी. या वेळी काकू तयारीत होत्या. मास्तरांनी पांढऱ्या कपाळाच्या काळ्या चांदव्यांना चौदा ठोके दिले, पलीकडून सतरा आले. पाणकावळ्यांना इकडून सहा, तिकडून नऊ. काकूंनी सतरा रेघा ओढल्या, मग नऊ ओढल्या. स्वतः मोजायचे कष्टही घेतले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्याची स्लाइड तिसऱ्यांदा तपासणारी बाई, पण आयता बरोबर आकडा मिळत असेल तर कोण नको म्हणतं?

मग घार आली. सगळा थवा एकदम उठला, पाणी खळबळलं आणि शांत झालं. समोर एक पक्षी उरला नाही. मास्तर पाठ टेकून बसले. मोजायला काही नव्हतं.

टक. टक.

काकूंनी फटीतून पाहिलं. पाणी रिकामं होतं. थोड्या वेळानं पुन्हा दोन ठोके. एका ठोक्याला दहा हे गणित इथं बसत नव्हतं. तिकडून दिसण्यासारखं इकडे काय होतं? पाणी, कणसं, हे लपण, आणि लपणाच्या फटीत दोन माणसं.

असल्या गोष्टींवर काकूंचा विश्वास नव्हता. त्यामुळे त्यांनी केलं ते प्रयोगशाळेत केलं असतं तेच. पाय मोकळे करून येते म्हणाल्या, लपणाच्या पायऱ्या उतरल्या आणि खांबाआड उभ्या राहिल्या. पलीकडून एक ठोका आला. त्या वर आल्या, बाकावर बसल्या, पेन हातात घेतलं. दोन ठोके आले. पुन्हा खाली उतरल्या. एक.

मास्तर म्हणाले, "अगं, काय चाललंय तुझं? कवायत?"

५

कुणीतरी तिथं बसलंय आणि त्याला आपलं सगळं माहीत आहे, काकूंना एवढंच दिसत होतं. तो भुताचा बाप असो की एखादा वाह्यात माणूस. उद्या तो संयोजकबाईंना सांगेल की मास्तरांना दिसत नाही, आकडे मी पुरवले. हात जोडायचे, गप्प राहा म्हणायचं. तिसऱ्या फेरीला अजून अर्धा तास होता. मास्तरांना त्यांनी कपात चहा ओतून दिला आणि निघाल्या. जाताना मास्तर म्हणाले, "लवकर ये. तू नसलीस की मला कागद एकट्याचा वाटतो."

काठाकाठानं बारा मिनिटं लागली. चार नंबरच्या पायऱ्या खरंच कोसळल्या होत्या. खालच्या तीन शाबूत, वरच्या चिखलात आडव्या, त्यांवर शेवाळ. दार डोक्याच्या कितीतरी वर, बाहेरून तारेनं बांधलेलं. तार गंजून दाराला चिकटली होती. दाराच्या चौकटीत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत कोळ्याचं जाळं होतं आणि त्यावर धुक्याचे थेंब जसेच्या तसे. महिनाभर तरी इथून कुणी आत गेलं नव्हतं.

हात जोडायला समोर कुणी नव्हतं. काकू नुसत्याच उभ्या राहिल्या.

टक.

डोक्यावर. अगदी वर, फळीवर. एक ठोका. एक म्हणजे मास्तर, काकूंच्या मनानं आपोआप हिशेब लावला. मी इथं, ते तिथं एकटे. बरोबर आहे. मग त्यांनी स्वतःला झापलं. लाकूड दमटपणानं फुगतं, आवाज करतं, घरातलं कपाट नाही का करत? त्या मागे वळल्या.

टक. टक.

दोन.

सकाळपासून हा आकडा एकदाही चुकला नव्हता. फोटोनं ताडून बघितलेला आकडा होता. त्यांनी दुर्बीण उचलली. भिंगात आधी नुसतं पाणी आलं, मग कणसं, मग दोन नंबरची फट. फटीत मास्तरांची टोपी होती, ओळखीची, कान झाकणारी. टोपीच्या मागे, फार जवळ, दुसरं काहीतरी काळं होतं. ते टोपीपेक्षा उंच होतं आणि वाकलेलं होतं. धुक्याचा पट्टा मधे आला आणि तो जाईस्तोवर काकू थांबल्या नाहीत.

६

गुडघे दुखणारी बाई किती पळणार? पण पळाल्या. वाटेत त्यांनी मास्तरांना हाक मारली, दोनदा, तीनदा. ओ आली नाही. कानटोपी घातली की त्यांना ऐकू येत नाही, हे काकू स्वतःला सांगत राहिल्या.

मास्तर होते. बाकावर, पाठमोरे, डोळा दुर्बिणीला. काकू दारातच भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू आलं. कुणी आलं होतं का, त्यांनी विचारलं.

"कोण येणार? बस. साडेदहा झाले."

मास्तरांनी मान वळवली नव्हती. ओतून दिलेला चहा कपात तसाच होता, वर साय धरलेली. काकू म्हणाल्या की घरी जाऊ, मला बरं वाटत नाहीये, जागा गेली तर गेली. मी वाचून दाखवीन, आपण खिडकीतून चिमण्या मोजू, काही बिघडत नाही. हे त्यांना दोन वर्षांपूर्वीच बोलायला हवं होतं आणि आत्ता बोलताना ते त्यांना कळलं.

"ही एक फेरी," मास्तर म्हणाले. "कागद अपुरा गेला तर सगळंच गेलं. तू मान खाली घाल आणि लिही."

आवाज मास्तरांचाच होता. बोलणंही खोटं नव्हतं. काकू बसल्या. त्यांनी मान खाली घातली.

बदकं परतली असावीत. ठोके सुरू झाले, भराभर, न अडखळता. काकू रेघा ओढत होत्या. तेहेतीस. मग चांदवे, अठरा. मग राखी बगळे, हे एकेक मोजायचे, आणि मास्तर त्यांचा आकडा तोंडानं देत होते, कणसाआडचे आणि पंखात मान घालून बसलेलेसुद्धा. काकूंनी छोटी दुर्बीण उचलायची गरजच नव्हती. बसताना ओझरते दिसले तेवढे सगळे बगळे त्यात आले होते. क्षणभर त्यांना आनंदच झाला, नजर परत आली की काय असा वेडा आनंद. पलीकडून एकही ठोका येत नव्हता. येणार कसा, दुरुस्त करायला काही नव्हतंच.

मग पाणकावळे. टक. टक. टक.

काकूंची रेघ मधेच थांबली.

७

पट्टी सुटली असेल. हा पहिला विचार, आणि शहाण्या माणसाचा विचार. सकाळपासून ठोकून ठोकून ओली झाली, सुटली, म्हणून आवाज कोरडा येतोय. सुटली असेल तर खाली पडली असेल. मान वर न करता काकूंनी जमीन पाहिली. बाकाखाली, आपल्या बुटांपाशी, तिपाईच्या पायांपाशी. फळ्या स्वच्छ होत्या. कापसाचा धागासुद्धा नव्हता. शेजारच्या बुटांकडे बघायचं त्यांनी टाळलं.

टक. टक. शेजारी मोजणी चालू होती. अकरा ठोक्यांना संपली.

लपणात शांत झालं. काकूंना स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आपला एकटीचाच ऐकू येतोय, हे त्यांच्या थोड्या वेळानं लक्षात आलं.

"शेवटचा रकाना भर," मास्तरांचा आवाज म्हणाला, अगदी कानाशी. "मोजणीला हजर. दोन."

बावीस वर्षांत मास्तरांनी तो रकाना कधी सांगून भरून घेतला नव्हता. तो काकू आपणहून भरायच्या, उठताना, थर्मासचं झाकण लावता लावता. त्यांनी पेन रकान्यावर टेकवलं. दोनच तर लिहायचं होतं. लिहिलं की उठता येईल, दोघांना घरी जाता येईल, आणि शेजारी कोण उठतंय ते बघायला लागणार नाही. खोटं लिहायची हाताला सवय होतीच.

तेवढ्यात पाण्यापलीकडून, चार नंबरच्या बंद दाराआडून, ठोका आला.

थप.

मऊ. कापसातला. सकाळी स्वतःच्या हातानं बांधलेल्या पट्टीचा आवाज काकू हजारात ओळखल्या असत्या. त्या दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी कागदावर पडत होतं आणि त्या मनात म्हणत होत्या, अहो, नीट बघा, अजून एकदा बघा. दुसरा ठोका आला नाही. थोड्या वेळानं पुन्हा तोच आला. थप. एकच. एवढ्या लांबून, त्या धुरकट डोळ्यांनी, दोन नंबरच्या फटीत ते मोजत होते.

शेजारून आवाज आला, "लिही."

दोन वर्षं काकूंनी मास्तरांचा प्रत्येक आकडा दुरुस्त केला होता. हा त्यांनी आला तसा लिहिला. एक.